पियानो, झोपाळे, पडदे: रस्त्यावरची कला अनोळखी माणसांना खरंच बोलतं करते का?

ओसरीवरचा | शुक्र, २१:४८

ल्यूक जेरम हा ब्रिस्टलचा कलाकार. कपडे धुवायला तो घराजवळच्या लाँड्रेटमध्ये जायचा, म्हणजे नाणी टाकून यंत्रं चालवायची ते सार्वजनिक धुलाईघर. दर शनिवार-रविवारी तीच माणसं. यंत्र थांबेपर्यंत शेजारी शेजारी बसायची आणि कुणी चकार शब्द काढायचं नाही. शहरात अशा गप्प जागा कितीतरी असणार, असं त्याच्या मनात आलं आणि त्यावर त्याने पियानोचा उतारा काढला. २००८ साली बर्मिंगहॅममध्ये १५ जुने पियानो रस्त्यावर ठेवून दिले. वर लिहिलं, ‘वाजवा मला, मी तुमचाच’. तिकीट नाही, नेमलेला वादक नाही, निवेदक तर नाहीच नाही.

पुढे हा उपक्रम ७० हून जास्त शहरांत गेला, पियानो २,००० च्या वर. न्यूयॉर्कमध्ये २०१० साली एकदम ६०. बहुतेक पियानो कुणीतरी दिलेले, जुने, स्थानिक लोकांनी रंगवलेले. पावसासाठी वर प्लॅस्टिक. उपक्रम संपला की शाळांना, संस्थांना देऊन टाकायचे.

मला यातलं संगीत फार महत्त्वाचं वाटत नाही. बऱ्याच जणांना धड वाजवताही येत नाही. एक जण एका बोटाने काहीतरी बडवतो, दुसरा जाता जाता थांबतो, तिसरा म्हणतो ‘जरा सरका, डावा हात मी धरतो’. विल्यम व्हाइट या अमेरिकन अभ्यासकाने सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून माणसं कुठे बसतात, कुठे रेंगाळतात हे टिपलं होतं. त्याचं एक निरीक्षण मोठं मार्मिक आहे: दोन अनोळखी माणसं आपण होऊन बोलत नाहीत, पण दोघांसमोर तिसरं काहीतरी आलं की जुनी ओळख असल्यासारखी बोलू लागतात. रस्त्यावरचा गारुडी, गाणारा, एखादं शिल्प. आपल्याकडे जेसीबीने खड्डा खणायला घेतला तरी भागतं.

आता आपल्याकडे या. गेल्या काही वर्षांत ‘सार्वजनिक कला’ म्हणून जे उभं राहिलं त्यात सेल्फी पॉइंटच जास्त. ‘आय लव्ह अमुक’ची अक्षरं, मागे दिवे, खाली सौजन्य. तिथे माणूस कलाकृतीकडे पाठ करतो आणि हातातल्या पडद्यावर स्वतःला बघतो. शेजारचा अनोळखी माणूस म्हणजे फोटोत येणारी कटकट. म्हणून माझी कसोटी एकच आहे: ही वस्तू तुम्हाला बघायला कुठे लावते? स्वतःकडे, की शेजारच्याकडे?

ज्यांनी अशा गोष्टी प्रत्यक्ष पाहिल्यात त्यांनी लिहा. इथल्या, तिथल्या, दोन्ही चालतील.

---

कडीपत्ता | शुक्र, २२:१०

वाचनखूण साठवली. सावकाश लिहिते.

---

ठाणे स्लो | शुक्र, २२:३१

लेख छान, पण दुखणं त्यांचं आहे, आपलं नाही. आमच्या डब्यात सकाळी टाळ-ढोलकीसकट भजन चालतं. चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला माणूस दादर येईपर्यंत मुलीच्या लग्नाचं सगळं सांगून मोकळा होतो. आम्हाला बोलतं करायला कलाकार कशाला हवा? उलट कुणीतरी गप्प करणारं शिल्प बसवलं तर पुण्य लागेल. हलके घ्या.

---

बर्फातला बोका | शनि, ०४:१७

मॉन्ट्रियलहून. आमच्याकडचं उदाहरण दिल्याशिवाय हा धागा पुरा व्हायचा नाही.

२०११ च्या वसंतात इथल्या ‘कार्तिये दे स्पेक्ताक्ल’ भागात रस्त्यालगत २१ झोपाळे टांगले. ‘डेली तू ले जूर’ नावाचा स्टुडिओ आहे, मूना अंद्राओस आणि मेलिसा मोंजिया या दोघींचा. त्यांचं काम. प्रत्येक झोपाळा हलला की सूर वाजतात. काही पियानोचे, काही गिटारचे, काही हार्पचे, काही व्हायब्राफोनचे. एकटे झुललात तर तुमचे ठरलेले दोन-चार सूर. पण शेजारचा तुमच्या लयीत झुलायला लागला की नवीन धून उमटते, आणि ती एकट्याला काही केल्या काढता येत नाही. सगळी गंमत या एका नियमात आहे.

हा नियम ठरवताना त्यांनी सोबत कुणाला घेतलं माहितीये? ल्यूक-अलँ जिराल्दो या प्राणिवर्तनाच्या प्राध्यापकाला. प्राणी एकमेकांना सहकार्य कधी करतात, कधी नाही, हा त्याच्या अभ्यासाचा विषय. संगीतकार वेगळा होताच.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. सुरुवातीला जो तो आपापला झुलतो. मग एखादं पोर ओरडतं, ‘आता सगळे एकदम!’ आणि सूटबूटवाला एक गृहस्थ निमूटपणे त्या पोराच्या तालात पाय हलवायला लागतो. सहा महिने थंडीने कोंडलेल्या माणसांसाठी ही फार मोठी गोष्ट असते. रात्री झोपाळ्यांना खालून उजेड असतो, रांग लागते, आणि रांगेतही लोक बोलतात. कुणी फार वेळ बसला तर मागून टोमणेही येतात, फ्रेंचमध्ये.

हे झोपाळे पुढे कित्येक वसंत तिथे परत येत राहिले, आणि फिरती आवृत्ती इतर शहरांत गेली.

---

ओसरीवरचा | शनि, ०८:०५

@बर्फातला बोका, एकट्याने होत नाही हा नियमच मुद्द्याचा. कलाकृतीच अर्धी ठेवायची.

@ठाणे स्लो, भजनी डबा मान्य, पण तो डबा आणि ती गाडी ठरलेली असते. त्या मंडळींत तुम्ही वर्षानुवर्षांचे आहात. पहिल्यांदाच ती गाडी पकडणाऱ्याला कुणी टाळ हातात देतं का? आणि मुंबईच्या लोकलमध्ये कलाकार येऊनही गेलीय. शिल्पा गुप्ता या मुंबईच्याच. त्यांनी खोट्या रक्ताने भरलेल्या छोट्या बाटल्या डब्यात प्रवाशांना वाटल्या होत्या. लेबलवरच्या मजकुराचा आशय असा, की तुमचा धर्म, तुमचं राष्ट्र असल्या तुमच्या हातात नसलेल्या गोष्टींसाठी मी तुम्हाला दोष देते. कामाचं नावच ‘ब्लेम’. २००२ च्या आसपासचा काळ आठवा, म्हणजे डब्यात अशी बाटली हातात येणं काय असेल ते कळेल. बोलणं म्हणजे दरवेळी गोडगोड हवं असं कुठे आहे?

---

ठाणे स्लो | शनि, ०८:४०

नवख्याला टाळ देत नाहीत हे खरं. जागासुद्धा देत नाहीत. :)

---

तिसरी घंटा | शनि, ११:२२

चर्चा छान रंगली आहे, फक्त एक विचारते. ‘अनोळखी माणसांशी बोला’ हे कुणाला सांगताय? रात्री नऊला रस्त्यावरच्या पियानोशी एकटी बाई थांबली तर ‘डावा हात मी धरतो’ हे वाक्य तिला कसं ऐकू येईल? पुरुषांना अनोळखी माणूस म्हणजे राहून गेलेली ओळख. आम्हाला आधी अंदाज घ्यावा लागतो.

म्हणून मला या विषयातलं सर्वात धीट काम बंगळुरूचं वाटतं. जस्मीन पाथेजा यांनी २००३ मध्ये ‘ब्लँक नॉइज’ सुरू केलं. त्यांच्या ‘टॉक टू मी’ या उपक्रमात येलहंका भागातल्या एका बदनाम गल्लीत, जिथून मुली जीव मुठीत धरून जायच्या, तिथे टेबलं-खुर्च्या मांडल्या. एका बाजूला मुलगी, समोर रस्त्यावरून जाणारा कुणीही अनोळखी पुरुष. मध्ये चहा आणि सामोसे. बोला. बस्स एवढंच. दिवे नाहीत, सेन्सर नाहीत.

टेबल या वस्तूचं मला कौतुक वाटतं. अंतर ठेवतं आणि समोरासमोरही बसवतं. त्यांचाच दुसरा उपक्रम ‘मीट टू स्लीप’. बायकांनी सार्वजनिक बागेत जाऊन झोपायचं, दिवसाढवळ्या. वाचायला सोपं आहे. एकदा आपल्या गावच्या बागेत पाठ टेकून बघा, किती जण ‘बरं वाटत नाहीये का?’ विचारायला येतात ते.

---

कडीपत्ता | शनि, ११:५०

तिसरी घंटा, शब्दाशब्दाशी +१. झोपाळ्याचं मला म्हणूनच पटलं. शेजारी असतो, पण त्याचा झोपाळा वेगळा.

---

दुधी भोपळा | शनि, १३:३०

शिकागोकर. धागाकर्त्याच्या कसोटीला थोडा सुरुंग लावतो.

मिलेनियम पार्कात दोन प्रसिद्ध गोष्टी जवळजवळ आहेत. एक ‘क्लाउड गेट’, ज्याला सगळं गाव बीन म्हणतं. कलाकार अनीश कपूर, जन्म मुंबईचा, १९५४. स्टीलच्या १६८ पत्र्यांची ही घेवडी, सांधा कुठे दिसत नाही. २००४ मध्ये अर्धवट असतानाच लोकांपुढे आली, पूर्ण व्हायला २००६ उजाडलं. तुमच्या कसोटीनुसार हा जगातला सर्वात मोठा सेल्फी पॉइंट, कारण लोक स्वतःलाच बघायला येतात. पण तिथे स्वतःला आधी शोधावं लागतं! आभाळ, इमारती आणि दोनशे अनोळखी लोक यांच्यात तुम्ही एक वाकडा ठिपका. ‘तो मी, नाही नाही, तो तो काका!’ आणि तो काका वळून हसतो. स्वतःकडे बघता बघता शेजारी सापडतो, हे मी पाहिलंय.

दुसरी गोष्ट ‘क्राउन फाउंटन’, स्पॅनिश कलाकार झाउमे प्लेन्साचं, २००४ चंच. काचेच्या विटांचे ५० फुटी दोन मनोरे समोरासमोर, मध्ये काळ्या ग्रॅनाइटवर पाण्याचा पातळसा थर. मनोऱ्यांवर शिकागोच्या सुमारे हजार नागरिकांचे चेहरे आळीपाळीने येतात. चेहरा डोळे मिचकावतो, ओठांचा चंबू करतो आणि त्या तोंडातून खऱ्या पाण्याची धार सुटते. ती अंगावर घ्यायला पोरं आधीपासून टपून असतात. सगळ्या रंगांची, सगळ्या वस्त्यांतली. वस्त्यांच्या वाटण्या किती कडक आहेत हे इथे राहणाऱ्याला ठाऊक आहे, म्हणून हे दृश्य मला मोठं वाटतं. आईबाप कडेला टॉवेल घेऊन बसतात आणि ‘तुमचा कुठला? तो लाल चड्डीवाला?’ इथून बोलणं सुरू होतं.

भारतातून पाहुणे आले की आधी बीन दाखवतो, मग तिथे बसवतो. बीनपाशी दहा मिनिटं, कारंज्यापाशी अख्खी दुपार.

---

ओसरीवरचा | शनि, १४:०२

दुधी भोपळा, शेवटच्या ओळीत तुम्हीच माझी बाजू मांडलीत की. दहा मिनिटं आणि अख्खी दुपार!

---

जुनी टेप | शनि, १९:१५

‘स्वतःकडे की शेजाऱ्याकडे’ यावर एक जुनं काम आठवलं.

नोव्हेंबर १९८०. किट गॅलोवे आणि शेरी रॅबिनोविट्झ या जोडीने न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरपाशी आणि लॉस एंजेलिसमधल्या एका मोठ्या दुकानाच्या काचेत पडदे लावले, उपग्रहाने जोडले आणि तीन संध्याकाळी चालू ठेवले. नाव ‘होल इन स्पेस’. पलीकडची माणसं पूर्ण उंचीची दिसायची, आवाज दोन्हीकडे जायचा. हे काय आहे, कुणी केलं, कशासाठी, याची एकही पाटी नाही. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे स्वतःचं चित्र कुठेही दिसायचं नाही. आज कुठल्याही व्हिडिओ कॉलमध्ये आपण कोपऱ्यातल्या स्वतःच्या चौकटीकडेच बघत असतो. तो कोपराच त्यांनी ठेवला नव्हता.

पहिल्या संध्याकाळी वाटसरू गोंधळले. ‘तुम्ही कुठे आहात?’ ‘न्यूयॉर्क? खरंच?’ दुसऱ्या दिवशी तोंडोतोंडी बातमी पसरलेली. तिसऱ्या दिवशी तर लोकांनी देशाच्या दुसऱ्या टोकाच्या नातेवाइकांना फोन करून वेळ ठरवली आणि गर्दी करून आले. लांब पल्ल्याचा फोनही मिनिटं मोजून करायचा तो काळ. वर्षानुवर्षं न भेटलेली माणसं काचेपुढे उभी राहून रडली.

म्हणजे पहिल्या दिवशी अनोळखी माणसं बोलली आणि तिसऱ्या दिवशी ओळखीच्यांनी जागा ताब्यात घेतली. याचं काय करायचं, ते धागाकर्त्याने सांगावं.

---

लिफीकाठची | रवि, ०१:५५

जुनी टेप, त्याच कल्पनेचा नवा अवतार आमच्या गल्लीत येऊन गेला! डब्लिनहून लिहितेय.

लिथुआनियाच्या बेनेडिक्टस गिलिस यांचं ‘पोर्टल’. पहिली जोडी २०२१ मध्ये विल्नियस आणि पोलंडमधलं लुब्लिन यांची. ८ मे २०२४ ला डब्लिन-न्यूयॉर्क सुरू झालं. मोठा गोल पडदा, चोवीस तास थेट चित्र. आमच्याकडे नॉर्थ अर्ल स्ट्रीटवर, तिकडे फ्लॅटआयर्न इमारतीपाशी. पण आवाज नाही.

पहिल्या काही दिवसांत जे व्हायचं ते झालं. कुणी कपडे वर केले, कुणी मोबाइलवर ११ सप्टेंबरच्या हल्ल्याचे फोटो काढून न्यूयॉर्ककरांना दाखवले. १४ मेला बंद. १९ ला परत सुरू केलं ते दोन बदल करून: कॅमेऱ्याच्या फार जवळ गेलात तर दोन्हीकडचं चित्र धूसर होणार, आणि चोवीस तासांऐवजी डब्लिनच्या सकाळी ११ ते रात्री ९ एवढंच. मला दुसरा बदल जास्त शहाणपणाचा वाटला. पब सुटायच्या वेळी इथे कुठलीही कला ठेवू नये.

बातम्यांत फक्त हा वात्रटपणा आला. मी गेले तेव्हा लोक नाचाच्या एकेक स्टेप पाठवत होते, हातवाऱ्यांनी दगड-कागद-कात्री खेळत होते. आम्ही दोघांनी नमस्कार केला तर पलीकडच्या गर्दीतून एक काकू पुढे आल्या आणि कपाळावरच्या टिकलीकडे बोट दाखवून जोरजोरात हात हलवायला लागल्या. नाव ना गाव, पण मला दिवसभर पुरलं.

न्यूयॉर्कचं पोर्टल नंतर त्याच वर्षी फिलाडेल्फियाला हलवलं.

---

खडू | रवि, ०९:२०

न्यू ऑर्लिन्सच्या भिंतीचा विषय कुणीच काढला नाही? कँडी चँग, २०११. जवळचं माणूस गेल्यानंतर तिने एका पडक्या घराच्या भिंतीला फळ्याचा रंग दिला आणि ‘मरण्यापूर्वी मला...’ अशी गाळलेली जागा ओळीने छापली. शेजारी खडू. दुसऱ्या दिवशी भिंत भरलेली. आता जगभरात अशा ५,००० हून जास्त भिंती झाल्यात.

आपल्याकडे वार्ताफलक पिढ्यान्‌पिढ्या आहेत, नाक्यानाक्यावर. पण नीट बघा: लिहिणारा एक, सुंदर अक्षरवाला. फलकाला जाळी किंवा काच, काचेला कुलूप, किल्ली मंडळाच्या सेक्रेटरीकडे. बाकी गावाने वाचायचं. शेजारी तसाच एक उघडा फळा आणि खडूचा डबा ठेवला तर?

---

ठाणे स्लो | रवि, ०९:३४

पहिल्या तासात ‘पक्या लव्ह सोनी’. दुसऱ्या तासात राजकारण. तिसऱ्या तासात पोलीस.

---

खडू | रवि, ०९:४१

पक्याने मनातलं लिहिलंच ना? मग झालं की काम.

---

नट-बोल्ट | रवि, १२:१०

नगरपालिकेची कामं करणाऱ्या एका कार्यालयात नोकरी. नाव-गाव विचारू नका. इथे अडचण कल्पनेची नसते. बसवायला पैसे मिळतात, राखायला नाही. उद्घाटनाला सगळे हजर, पहिला सेन्सर बिघडला की फाईल फिरते. झोपाळ्याची कडी रोज तपासायला माणूस लागतो. म्हणून शेवटी पत्र्याची अक्षरं निवडतात, त्यांना काही होत नाही.

हलणारा भाग जितका कमी तितकी गोष्ट टिकते. मूळ लेखातल्या व्हाइटचं दुसरं निरीक्षण सांगतो: चौकात सुट्या, उचलता येणाऱ्या खुर्च्या ठेवा. लोक वीतभर का होईना सरकवतात आणि मगच बसतात. आपल्याकडे बाकडं सिमेंटचं, जमिनीत पुरलेलं, पाठीवर नगरसेवकाचं नाव.

---

सातबारा | रवि, १२:५५

टिकायलाच हवं असं तरी कुठे आहे? २८ जुलै २०१९, अमेरिका-मेक्सिको सीमा. रोनाल्ड राएल आणि व्हर्जिनिया सान फ्रातेल्लो या वास्तुरचनाकारांनी कुंपणाच्या लोखंडी पट्ट्यांमधून गुलाबी सी-सॉ आरपार घातले. अर्धी फळी इकडे, अर्धी तिकडे. दोन्ही देशांची पोरं खेळली आणि तासाभराच्या आत सगळं काढूनही नेलं. पलीकडच्याने जोर लावल्याशिवाय तुम्ही वर जातच नाही. देखभालीचा खर्च शून्य!

---

मिरजकर | रवि, १७:४०

पियानो आपल्याला परका. पेटी का नाही? प्रत्येक आळीत एक-दोन पेट्या माळ्यावर धूळ खात पडलेल्या असतात, आजोबांच्या. आणि पेटीला एक सोय आहे: एक जण भाता मारेल, दुसरा बोटं चालवेल. दोन अनोळखी माणसं लागलीच.

---

ठाणे स्लो | रवि, १७:५२

ठाणे स्टेशनात ठेवा. ‘बेवारस वस्तूंना हात लावू नका’ ही उद्घोषणा होईपर्यंत आरपीएफ कुत्रं घेऊन हजर.

---

काळी चार | रवि, १८:२५

पेटीवाला आहे म्हणून बोलतो. उघड्यावर पावसाळ्यात पेटी जगत नाही. दमट हवेत लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, सुरांना, म्हणजे आतल्या पितळी पात्यांना, कळंक चढतो, भात्याला भोक पडलं की संपलं. ऑक्टोबर ते मे ठेवा, तेही छपराखाली. पुढच्या खुंट्या मुलं ओढणारच, त्या आधीच काढून ठेवा. माझ्याकडे एक जुनी, साधी पेटी आहे, दुरुस्तीला मी देतो. स्टेशन नको, जिथे रोज कुणीतरी उघडतं-मिटतं अशी जागा हवी.

---

मिरजकर | सोम, २०:०५

आमच्या वाचनालयाच्या चिटणीसांशी बोललो. बाहेरच्या ओट्यावर पत्रा आहे, तिथे ठेवू म्हणतात. अटी दोन: समोर दवाखाना आहे म्हणून संध्याकाळी सातनंतर बंद, आणि शिकवणी घ्यायची नाही. एका आजोबांनी आत्ताच विचारलंय, ‘पेटी कुठल्या पट्टीची?’

---

काळी चार | सोम, २०:१८

त्यांना सांगा, पेटीत सगळ्या पट्ट्या असतात, गळा कुठल्या पट्टीचा ते त्यांनी ठरवावं. दिवाळीनंतर आणून देतो.

---

तिसरी घंटा | सोम, २०:४४

सातपर्यंत असेल तर मुली थांबतील. स्टूल दोन ठेवा, शेजारी शेजारी नको, काटकोनात. भाता मारणाऱ्यालाही नीट बसता येईल.

---

कडीपत्ता | सोम, २१:०२

रेक्झिनची खोळ मी शिवून देते. मापं व्यक्तिगत निरोपातून कळवा. रात्री कुलूप लावणार असाल तर मागच्या बाजूला कडीपुरतं भोक ठेवावं लागेल, तेही आत्ताच सांगा.